पन्नासावी पुंगळी

१

तळघराच्या अकरा पायऱ्या उतरल्या की डेलमार स्टाउफरची तीन कामं ठरलेली होती. रेडिओ बंद करायचा, चष्मा पुसायचा आणि टेबलावर बंदुकीच्या दारूचा एकच डबा आहे ना, ते बघायचं. घरी काडतुसं भरणारा माणूस दोन डबे कधी उघडे ठेवत नाही. ठेवणारा फार वर्षं भरत नाही, असं त्याचा बाप म्हणायचा, आणि बापाच्या डाव्या हाताला तीनच बोटं असल्यामुळे त्याचं म्हणणं सगळे मुकाट ऐकायचे.

त्या मुलखात मक्याची रानं तव्यासारखी सपाट. सुटलेली गोळी कुठे जाऊन थांबेल त्याचा नेम नाही, म्हणून लांब पल्ल्याची, बाटलीसारख्या गळ्याची काडतुसं हरणाच्या शिकारीला बंद. चालतात ती सरळ नळीची, जाड, जुन्या चालीची. डेलमार तीच भरायचा, गेली कित्येक वर्षं, गावातल्या निम्म्या लोकांसाठी.

मंगळवारी त्याची पुतणी कोरिन कॉफीचा एक जुना डबा घेऊन आली, आत झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या. धान्याच्या कोठारावरून थेट आली होती, केसांत भुसा तसाच.

"डेलकाका, बाबाच्या पुंगळ्या. गॅरेजमध्ये रंगाच्या डब्यांमागे होत्या. सोमवारी मी त्याच्या मचाणावर बसणार आहे. मला यातच भरून द्या."

"दुकानात तयार मिळतात की गं."

"दुकानातल्यांवर बाबाची खाच असते का?"

ती नसते, हे खरं. रॉइस, डेलमारचा धाकटा भाऊ, आपल्या प्रत्येक पुंगळीच्या बुडाला कानशीनं एक खाच पाडायचा. नेमबाजीच्या मैदानावर सगळ्यांच्या पुंगळ्या एकत्र होतात. रॉइस म्हणायचा, माझी पोरं मला गर्दीत ओळखू आली पाहिजेत. असल्या त्याच्या शंभर तऱ्हा. हंगामाची पहिली गोळी तो आदल्या दिवसापासून शर्टाच्या खिशात ठेवायचा. गारठलेली गोळी रुसते म्हणे.

सात वर्षांपूर्वी, हंगामाच्या पहिल्याच सकाळी, रॉइसच्या हातात बंदूक फुटली. लोखंडाचा एक तुकडा मानेत शिरला आणि माणसं पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. बंदूक जुनी होती, आतून गंजली असेल, असं लोक म्हणाले. सगळ्यांत आधी ते डेलमारच म्हणाला होता.

कोरिन गेल्यावर त्यानं पुंगळ्या मक्याच्या कणसाच्या भुशात घोळवून लख्ख केल्या आणि ठोकळ्यात उभ्या केल्या. ठोकळा त्यानं स्वतः अक्रोडाच्या लाकडातून कोरलेला, पाच रांगा, रांगेत दहा भोकं. त्या डब्यात मुळात पन्नास पुंगळ्या होत्या. एकोणपन्नास रॉइसनं आधीच मैदानावर झाडल्या होत्या आणि एक त्या सकाळी फुटली. फुटकी पुंगळी डेलमारनंच दवानं भिजलेल्या गवतातून उचलली होती आणि त्याच आठवड्यात पुलावरून नदीत टाकली होती. म्हणजे शेवटचं भोक रिकामं राहायला हवं होतं. ठोकळा पूर्ण भरला. त्यानं पुन्हा मोजलं, आणि मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा मोजलं.

२

रॉइसनं मधे एखादी नवी घेतली असेल, असं त्यानं स्वतःला समजावलं. पन्नासावी त्यानं बोटांत धरून दिव्याखाली फिरवली. खाच होती, रॉइसच्या सगळ्या खाचांसारखीच डावीकडे जराशी कललेली. पितळ धडधाकट होतं. फुटलेलं पितळ काही जुळून येत नाही, आणि नदीतून चालत तर नाहीच येत.

शुक्रवारी संध्याकाळी तो दारू घालायला बसला. नॅडीन, त्याची बायको, चर्चमध्ये गेली होती. सणाच्या टर्कीचं जे काही उरतं त्याचं सूप करून त्या बायका म्हाताऱ्यांना वाढतात. घरात तो एकटाच होता.

हे काम सोपं आहे, आणि सोपं आहे म्हणूनच घातक आहे. एक माप दारू, एक पुंगळी, पुढची. पण हे काडतूस पोटानं मोठं. एक माप घातलं तर निम्मंही भरत नाही. चुकून दोन घातली तरी सांडत नाही. म्हणून गोळी बसवायच्या आधी टॉर्च घेऊन प्रत्येक पुंगळीत डोकवायचं असतं. हे लहान मूलही शिकतं. डेलमारही शिकला होता.

सात वर्षांपूर्वी त्या संध्याकाळी त्यानं पाचवी रांग नुकतीच सुरू केली होती आणि वरून नॅडीननं हाक मारली होती, "डेल, बटाटे निवतायत!" तो गेला. दाट नूडल्स घातलेले बटाटे दोनदा वाढून घेतले. खाली आला तेव्हा आपण कुठल्या भोकापाशी होतो ते त्याला नक्की आठवेना. साधारण अंदाजानं पुढे सुरू केलं. टॉर्चचे सेल संपले होते. नवे वर, स्वयंपाकघराच्या खणात. अकरा पायऱ्या. पोट भरलेलं, गुडघा दुखत होता. त्यानं तशाच गोळ्या बसवल्या आणि काडतुसं रॉइसला दिली.

हे त्यानं कुणालाही सांगितलं नव्हतं. सांगून काय, मेलेला परत येतो का, असं म्हणत सात वर्षं काढली होती. पण मनाला असं कितीदा म्हणणार?

त्यानं बेचाळिसावी पुंगळी भरली.

"डेल, बटाटे निवतायत!"

तो सवयीनं उठला. अर्ध्या जिन्यात लक्षात आलं की नॅडीन घरी नाही. तरी वर गेलाच. स्वयंपाकघरात अंधार होता, शेगडी गार, धुतलेली भांडी पालथी. तो खाली आला, बसला, आणि टॉर्च लावून रांगा तपासू लागला. बेचाळीस भरलेल्या होत्या. पुढच्या सात रिकाम्या. पन्नासावीत दारू होती.

त्यानं ती वजनकाट्यावर ओतली. बरोबर एक माप, त्यानं लावलेलंच.

नॅडीन आल्यावर त्यानं विचारलं, "मघाशी मला हाक मारलीस?"

"चर्चमधून? माझा आवाज मोठा आहे रे, पण इतका नाही." तिनं कोट काढला आणि मग जरा थांबली. "मागच्या महिन्यात गाडी चालू ठेवून घरात आलास. परवा भावाच्या वाढदिवसाचं कार्ड आणलंस. डेल, ठीक आहेस ना तू?"

तो हसला. तिच्या म्हणण्यात तथ्य असेल तर बरंच होतं. म्हातारपणाला औषधं तरी असतात.

३

शनिवारी दुपारी नॅडीन बहिणीकडे गेली. या वेळी डेलमारनं ठरवलं होतं, काही झालं तरी उठायचं नाही. त्यानं सगळ्या पुंगळ्या रिकाम्या करून पहिल्यापासून सुरुवात केली. टॉर्चमध्ये नवे सेल घातले. जवळ एक कागद ठेवला आणि प्रत्येक पुंगळीमागे एक रेघ मारत गेला.

बेचाळिसाव्या रेघेला हाक आली. आवाज नॅडीनचाच, आणि तो आजच्यापेक्षा तरुण होता. सात वर्षांत बाईचा आवाज किती खरखरीत होतो, हे त्याला तेव्हा कळलं.

तो उठला नाही. दोन्ही हात ठोकळ्यावर ठेवून बसून राहिला.

स्टूल सरकल्याचा आवाज झाला. तो तर स्टुलावर बसलेला होता, आणि त्याचं स्टूल जागचं हललं नव्हतं. मग पावलं जिन्याकडे गेली आणि चढू लागली. दर पायरीला गुडघा कट्‌कन वाजत होता.

डेलमारनं टॉर्च फिरवला. जिन्याच्या वरच्या अंधारात एक पाठ दिसली, तीही जेमतेम तीन पायऱ्यांपुरती. लाल-काळ्या चौकड्याचा शर्ट, कोपराला ठिगळ. त्या शर्टाची नॅडीननं केव्हाच फडकी केली होती. आपली पाठ माणसाला कधी दिसत नाही. तरी ती त्याला ओळखू आली.

वर खुर्ची ओढली गेली. काटा-चमचा ताटावर वाजला. खाली डेलमार श्वास धरून बसला होता आणि त्याची बुद्धी अजून हिशोब मांडत होती: हा भास आहे, झोप कमी झाली आहे, सोमवारी डॉक्टरकडे जाऊ. त्याच बुद्धीनं त्याला दुसरंही सांगितलं. जेवण संपलं की तो खाली येणार. येऊन इथेच बसणार, या स्टुलावर.

वरचं दार करकरलं. गुडघा वाजला, एकदा, आणि पुन्हा.

तळघराला अंगणात उघडणारं एक दार आहे, लाकडं आत टाकायचं. सत्तर वर्षांचा डेलमार त्यातून गुडघ्यांवर रांगत बाहेर पडला आणि नॅडीनची गाडी येईपर्यंत आपल्या ट्रकमध्ये दारं लावून बसला. त्या दिवशी तो पुन्हा खाली गेला नाही.

४

रविवारी चर्चला जायला त्यानं नकार दिला आणि गोठ्याकडे उगाच खिळे ठोकत बसला. दुपारी घरात आला तर नॅडीन म्हणाली, "कोरिन येऊन गेली. जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवलेला डबा दिला मी तिला."

"कुठला डबा?"

"काडतुसांचा रे. वर चिठ्ठी होती, तुझ्याच अक्षरात. कोरिनसाठी म्हणून."

"नॅडीन, मी गोळ्या बसवल्याच नव्हत्या."

तिनं नुसता त्याच्या हातावर हात ठेवला. ते त्याला जास्त लागलं.

कोरिनच्या घरापर्यंत चार मैल. चार मैलांत त्यानं ते वाक्य वीसदा म्हणून पाहिलं. तुझ्या बापाला बंदुकीनं नाही मारलं, मी मारलं. ट्रकमध्ये ते नीट म्हणता येत होतं. तिच्या स्वयंपाकघरात खुर्चीवर नारिंगी जाकीट वाळत होतं आणि टेबलावर रॉइसचा फोटो होता, आणि पोर इतक्या आनंदात होती की वाक्य घशातच राहिलं.

"काय झालं काका? तोंड का उतरलंय?"

"ती काडतुसं परत दे. बुडातल्या ठिणगीच्या टोप्या सर्दलेल्या निघाल्या. तळघरात ओल आहे."

"सर्दल्या म्हणजे काय होईल?"

"होणार काय? फार तर उडणार नाहीत. चाप ओढशील आणि हरीण तुझ्याकडे बघून हसेल." तो हसलासुद्धा. "दुकानातली घे या वर्षी. बापाच्या पुंगळ्यांत पुढच्या वर्षी भरून देतो."

कोरिन खट्टू झाली. डबा आणायला आत गेली, परत आली, आणि डबा देताना तिचा एक हात शर्टाच्या खिशावर गेला. पोरींच्या असतात सवयी.

"तुम्ही माझी इतकी काळजी घेता ना," ती म्हणाली, "बाबा गेल्यावर मला कधी पोरकं वाटलं नाही."

डेलमार डबा काखेत मारून पळाल्यासारखा निघाला.

५

हातोडीसारखं एक अवजार असतं. त्याच्या डोक्यात काडतूस अडकवून जमिनीवर आपटलं की गोळी आणि दारू सुटी होतात. डेलमारनं संध्याकाळ होईपर्यंत एकेक काडतूस सोडवलं आणि प्रत्येकाची दारू काट्यावर तोलली. सगळ्यांत एकेकच माप निघालं. रिकाम्या पुंगळ्या ठोकळ्यात परत लावल्या. एकोणपन्नास. शेवटचं भोक रिकामं.

त्याला इतकं हायसं वाटलं की तो तिथेच रडला. नदीतली नदीत गेली. किंवा ती कधी नव्हतीच, थकलेल्या म्हाताऱ्यानं तीन तीनदा चुकीचं मोजलं. त्याला कसलंच स्पष्टीकरण नको होतं. पोर वाचली होती आणि बोलावंही लागलं नव्हतं. हाती लागलं ते लाभलं, असं म्हणून तो वर गेला, जेवला, आणि बऱ्याच दिवसांनी गाढ झोपला.

सोमवारी उजाडायच्या आत नॅडीननं कॉफी ठेवली. हंगामाचा पहिला दिवस म्हणून त्यानं जाड शर्ट चढवला, खिशाचं बटण लावलं, आणि हात खिशावरच राहिला.

गारठलेली गोळी रुसते.

कोरिनचा हात खिशावर गेला होता. बापाच्या पुंगळ्यांतली एक तरी आपण झाडायची, असं तिनं ठरवलं असणार. काकाच म्हणाला होता, फार तर उडणार नाही.

"नॅडीन, फोन लाव तिला!"

"मचाणावर फोन बंद ठेवतात रे," नॅडीन म्हणाली, पण तो ट्रकपाशी पोचला होता.

६

रॉइसचं मचाण शेताच्या टोकाला एका मोठ्या झाडावर. कापलेल्या मक्याची खुंटं गुडघ्याएवढी, त्यातून सत्तरीतला माणूस पळतो म्हणजे काय पळतो! दोनदा पडला. पूर्वेला फटफटलं होतं. झाडावर नारिंगी ठिपका दिसत होता, आणि ओढ्याकडून एक मोठा नर झुकत झुकत उघड्यावर येत होता.

नारिंगी ठिपका हलला. बंदूक खांद्याला लागली.

"कोरिन! नको!"

वारा त्याच्या तोंडावर होता. हरणानं मान वर केली, पण तिनं ऐकलं नसावं. मग त्यानं सात वर्षं गिळलेलं सगळं एकदम बाहेर टाकलं.

"मी मारलं तुझ्या बापाला! दोनदा दारू घातली मी! टॉर्च नाही लावला! कोरिन, ती झाडू नकोस, मी मारलं त्याला!"

हरीण उधळलं. शेतात काही वाजलं नाही. डेलमार खुंटांत गुडघ्यांवर बसला होता. बऱ्याच वेळानं बंदूक उघडल्याची बारीक खट्ट ऐकू आली.

ती खाली उतरून आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक होता.

"टोप्या सर्दल्या म्हणालात काल."

"खोटं बोललो."

"आणि बंदूक जुनी होती, हे?"

"तेही."

"त्याच्या प्रेताजवळ उभं राहून बोललात तुम्ही ते. मला जवळ घेतलं होतंत."

"हो."

तिनं काडतूस त्याच्या तळहातावर ठेवलं. ते खिशाच्या उबेनं अजून कोमट होतं. बुडाला डावीकडे कललेली खाच होती.

"काकूला माहीत आहे?"

"नाही."

"मग आजच्या आज तिला सांगा. आणि परत माझ्या दारात येऊ नका." ती वळली आणि खुंटं तुडवत गेली. चालताना खांदे हलत होते. डेलमारला वाटलं, तिला निदान हाक मारावी, पण कोणत्या तोंडानं?

७

सांगायचंच होतं. दिवसभर तो त्यासाठी धीर गोळा करत होता. संध्याकाळी नॅडीनला म्हणाला, तुला काही सांगायचंय, आधी हे एक सोडवून टाकतो, मग सांगतो, आणि तळघरात उतरला.

हातोडी एकदा आपटली. काट्यावर दारू ओतली. दोन मापं भरली, ना कमी, ना जास्त.

पुंगळी त्यानं पन्नासाव्या भोकात ठेवली आणि टॉर्च लावून आत पाहिलं. रिकामं पितळ चकाकत होतं. मग तो तिथेच बसून ते वाक्य हळू आवाजात म्हणू लागला. नॅडीन, मला तुला काही सांगायचंय. शेतात ओरडता आलं होतं, तर स्वयंपाकघरात का येणार नाही?

वरून नूडल्सचा वास आला. भांडी वाजत होती. या वेळी सगळं खरं होतं, बाई घरात होती.

"डेल, बटाटे निवतायत!" आवाज खरखरीत, आजचा.

"आलो," असं म्हणायला त्यानं तोंड उघडलं.

स्टूल सरकलं. त्याच्या पुढून पावलं जिन्याकडे गेली. गुडघा वाजला, अकरा वेळा, आणि वरचं दार उघडून लागलं.

"आलास एकदाचा!" नॅडीन म्हणाली. "बस. हात धुतलेस का? आणि हा जुना शर्ट कुठून काढलास?"

खुर्ची ओढली गेली. डेलमार धडपडत उठला, जिन्याकडे धावला. पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलं. हाक मारायला श्वास भरला, पण घशातून काही निघेना.

"काय करत होतास एवढा वेळ खाली?" वर नॅडीन विचारत होती. "मघाशी काही सांगायचंय म्हणालास."

काटा-चमचा ताटावर वाजला. कुणीतरी घास गिळला.

"काही नाही गं," वर डेलमारच्याच आवाजात कुणीतरी म्हणालं. "रॉइसची आठवण आली. बंदूक जुनी होती त्याची."